लाकडी जहाज आणि बावीस हत्यारांची यादी

आमच्या हॉबी क्लबच्या नोटीस बोर्डावर एक यादी लागली आहे. तिचं हेडिंग आहे, 'लाकडी जहाजांची मॉडेल्स : नवशिक्यांसाठी आवश्यक हत्यारे'. मोजून बावीस वस्तू! रोटरी टूल आणि त्याच्या अ‍ॅटॅचमेंट्सचा डबा, मिनी टेबल सॉ, इलेक्ट्रिक प्लँक बेंडर, पट्ट्या दाबून वाकवायची खास पक्कड, कणा धरून ठेवणारा खास शिकंजा, भिंगाचा दिवा, वगैरे वगैरे. यादी लागायच्या आधी फर्स्ट इयरच्या पंधरा जणांनी नावं दिली होती. यादी लागली आणि चार उरली. बाकीच्या अकरा जणांचा लाकडातला इंटरेस्ट एका रात्रीत संपला असेल असं मला वाटत नाही. त्यांनी मनातल्या मनात बेरीज केली आणि घरी एवढे पैसे मागायचा धीर झाला नाही, एवढंच.

म्हणून हा लेखप्रपंच. माझं म्हणणं एका ओळीत सांगते. त्या बावीसपैकी नवशिक्याला खरोखर लागतात अशी हत्यारं सात-आठ आहेत, त्यातली निम्मी आपल्या हॉस्टेलच्या खोलीत पडलेली आहेत, आणि उरलेली यादी ही हत्यारांची यादी नसून दुकानाचा कॅटलॉग आहे.

यात कुणाचा वाईट हेतू आहे असं मी म्हणत नाही. डेन्मार्कची बिलिंग बोट्स, स्पेनची आर्तेसानिया लातिना, इटलीची अमाती अशा कंपन्या लाकडी जहाजांचे किट विकतात. जगभर लोक त्यातूनच हा छंद शिकले. पण किटसोबत हत्यारंही विकायला असतात, आणि 'स्टार्टर सेट' हा शब्द असा आहे की नवीन माणसाला तो घेतल्याशिवाय सुरुवातच होत नाही असं वाटायला लागतं. आपल्याकडे बॅट-पॅड-हेल्मेट आणि मोठी किट बॅग घेऊन ग्राउंडवर येणारा आणि पहिल्याच बॉलला बोल्ड होणारा एक मुलगा प्रत्येक गल्लीत असतो की नाही? तसंच.

आता हत्यारं कोणती लागतात हे ठरवायचं तर आधी काम काय आहे ते बघायला हवं. इंजिनिअरिंगला येऊन आपण एवढं तरी शिकलोच असू. बहुतेक किटमधलं जहाज असं उभं राहतं : मधोमध प्लायचा एक उभा कणा असतो. त्याला खाचा असतात. त्या खाचांत आडव्या फळ्या, म्हणजे बल्कहेड्स, माशाच्या काट्यासारख्या बसवायच्या. मग या सांगाड्यावर पातळ पट्ट्या एकाशेजारी एक चिकटवत जायचं. त्यानंतर डेक, मग डोलकाठ्या, मग दोऱ्या. यात लाकूड कापण्याचं काम फारच थोडं आहे. सांगाडा बहुधा कापूनच आलेला असतो, पट्ट्या एकसारख्या मापाच्या असतात. खरं काम तीनच : बल्कहेड कण्याशी काटकोनात बसवणं, त्यांच्या कडा घासून तिरप्या करणं आणि पट्टी निमुळती करून वाकवणं. या तिन्हींत मोटर कुठे आली?

काटकोनापासून सुरू करते. जहाजाचा कणा वाकडा बसला तर पुढचे सहा महिने तुम्ही एक वाकडं जहाज सुंदर करत बसणार. स्केल जर १:६४ असेल तर मॉडेलमधली १ मिलिमीटरची चूक म्हणजे खऱ्या जहाजावर ६ सेंटिमीटरहून जास्त! तर यासाठी लागतो एक सपाट पृष्ठभाग आणि एक गुण्या. सपाट पृष्ठभागासाठी यादीत खास 'बिल्डिंग स्लिप' लिहिली आहे. अहो, आपल्या प्रत्येकाच्या कॉटखाली फर्स्ट इयरचा ड्रॉइंग बोर्ड धूळ खात पडलाय! इंजिनिअरिंग ड्रॉइंगचा पेपर सुटला की त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. त्यापेक्षा सपाट लाकूड तुम्हाला त्या भावात मिळणार नाही. त्यावर दोन सरळ लाकडी पट्ट्या कण्याच्या जाडीएवढी फट ठेवून स्क्रूने बसवल्या की झाला तुमचा शिकंजा. बल्कहेड काटकोनात आहे का हे बघायला छोटा गुण्या हवा. तो नसेल तर सेट स्क्वेअर चालतो. लहान भावाचे लेगोचे ठोकळेही चालतात. त्यांचे कोपरे इतके अचूक असतात की अनुभवी लोकसुद्धा बल्कहेडला दोन्ही बाजूंनी लेगो टेकवून गोंद सुकू देतात.

(जाता जाता. मी कॉन्व्हेंटची. 'ट्राय स्क्वेअर' माहीत होता, 'गुण्या' हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो फर्स्ट इयरला कार्पेंटरी शॉपमध्ये. रंधा, पटाशी, कानस, गिरमिट, सामता हे सगळे शब्द मला तिथल्या इन्स्ट्रक्टर काकांनी शिकवले. आणि त्यांच्या पेटीत किती हत्यारं होती म्हणाल? एका हातात उचलता येईल एवढी पेटी होती ती. त्यातून त्यांनी शॉपमधली सगळी टेबलं केली होती.)

दुसरं काम कडा घासण्याचं. बल्कहेडची कड सरळ कापलेली असते, पण जहाजाचं अंग पुढे नाळेकडे आणि मागे वळत जातं. म्हणून कड तिरपी घासावी लागते, म्हणजे पट्टी तिच्यावर पूर्ण टेकते, नुसत्या धारेवर नाही. हे झालं की नाही हे बघायची युक्ती सोपी. एक पट्टी घ्या, चार-पाच बल्कहेडवरून आडवी ठेवा, डोळा लावून बघा. कुठे उजेड दिसतोय, कुठे पट्टी उचलली जातेय, तिथे घासा. यासाठी लागतो पॉलिश पेपर आणि एक ठोकळा. बस्स! १२० नंबर झपाट्याने घासायला, २२० साफ करायला, ४०० शेवटचा हात फिरवायला. नंबर वाढेल तसा कागद मऊ. कागद नुसता बोटाने धरून घासला तर बोटाच्या आकाराचा खड्डा पडतो, म्हणून सपाट ठोकळ्याला चिकटवायचा. एक ठोकळा सपाट, एक गोल काठी आणि एक आइसक्रीमची काडी, तिघांना वेगवेगळा कागद चिकटवला की चार दुकानं फिरायची गरज नाही. वाटल्यास बारीक कानशींचा संच घ्या, तो पुढे आयुष्यभर उपयोगी पडतो. पण माझ्या मते या सगळ्या छंदात सर्वात जास्त काम करणारं आणि सर्वात कमी मान मिळणारं हत्यार म्हणजे हा पॉलिश पेपर.

काही जण म्हणतील, हेच काम रोटरी टूल पाच मिनिटांत करेल. करेल ना. आणि सहाव्या मिनिटाला बल्कहेडमध्ये खड्डाही करेल. मिनिटाला वीस-तीस हजार फेरे फिरणारी वस्तू आणि ३-४ मिलिमीटर जाडीचं मऊ प्लाय यांची मैत्री नवशिक्याच्या हातात टिकत नाही. पेपरने घासताना चूक व्हायला वेळ लागतो, आणि तो वेळ म्हणजेच आपल्याला मिळालेली सूट.

तिसरं काम पट्ट्यांचं. इथे मी थोडी जास्त थांबणार आहे, कारण बहुतेक जहाजं इथेच बुडतात.

पट्टी सगळीकडे एकाच रुंदीची का चालत नाही हे समजलं की अर्धी लढाई जिंकली. एक उदाहरण घ्या. जहाजाच्या मधल्या बल्कहेडवर, डेकपासून खाली कण्यापर्यंत कागदाची पट्टी गुंडाळून मोजलं तर समजा ६० मिलिमीटर भरलं. आपल्या पट्ट्या ५ मिलिमीटर रुंद. म्हणजे १२ पट्ट्या. आता अगदी पुढच्या बल्कहेडवर तसंच मोजलं तर भरलं ३६. पट्ट्या तर बाराच असणार! म्हणजे प्रत्येक पट्टी पुढे जाईपर्यंत ५ वरून ३ मिलिमीटर झाली पाहिजे. आणि मागे मोजलं तर ६६ भरलं. तिथे १२ पट्ट्या मिळून ६० झाकतात, ६ मिलिमीटरची फट उरते. ती पाचरीसारख्या निमुळत्या तुकड्याने भरायची. ज्याला हे गणित कळलं नाही तो सगळ्या पट्ट्या पूर्ण रुंदीच्या लावत जातो आणि पुढे नाळेपाशी त्या एकमेकींवर चढून बसतात. (पट्टी निम्म्याहून अरुंद मात्र करू नये. टोकाला ती फाटते आणि गोंदही धरत नाही. तशी वेळ आली तर दोन पट्ट्यांच्या जागी एकच लावायची.)

तर या सगळ्यासाठी हत्यार काय लागलं? कागदाची पट्टी, स्टीलची फूटपट्टी, पेन्सिल आणि डिव्हायडर. ड्रॉइंगच्या कंपासपेटीतला तोच डिव्हायडर, ज्याचा आपण चार वर्षांत फक्त बेंचवर नाव कोरायला उपयोग केला! बावीस वस्तूंच्या यादीत डिव्हायडर नाही. हे मी तीनदा वाचून खात्री केली. जे हत्यार नसेल तर पट्ट्या लागूच शकत नाहीत ते यादीत नाही, आणि भिंगाचा दिवा आहे.

पट्टी निमुळती करायला सुरी. इथे मात्र कंजुषी नको. सर्जिकल दुकानात ३ नंबरचं स्काल्पेल हँडल आणि ११ नंबरची ब्लेड मिळतात. हँडल एकदाच घ्यायचं, ब्लेड मात्र भरपूर घ्यायची आणि सढळ हाताने बदलायची. एक गोष्ट लक्षात ठेवा : छंदाच्या सुरीचं ११ नंबरचं ब्लेड आणि सर्जिकल ११ नंबरचं ब्लेड या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एकीचं दुसरीच्या हँडलला बसत नाही. बोथट ब्लेड धारदार ब्लेडपेक्षा जास्त धोकादायक असतं. ते कापत नाही म्हणून आपण जोर लावतो, आणि जोर लावला की ते घसरतं. कुठे जातं ते सांगायला नको. लाकडाच्या रेषांचंही भान हवं. रेषा पट्टीच्या बाहेर जात असतील तर सुरी त्यांच्याबरोबर बाहेर जाते, आत जात असतील तर सुरीही आत शिरून पट्टी चिरते. म्हणून एका दमात कापायचं नाही. फूटपट्टी दाबून धरून तीन-चार हलके हात फिरवायचे आणि शेवटचा अर्धा मिलिमीटर पॉलिश पेपरच्या ठोकळ्यावर घासून काढायचा.

मग पट्टी वाकवणं. यादीतला इलेक्ट्रिक प्लँक बेंडर काय असतो ठाऊक आहे? सोल्डरिंग आयर्न, फक्त त्याला पितळेचं गोल डोकं! इलेक्ट्रॉनिक्सच्या मंडळींना विचारा. लाकूड वाकतं ते उष्णतेने. ओल्या लाकडातलं लिग्निन गरम झालं की मऊ पडतं, तंतू एकमेकांवरून थोडे सरकतात, आणि थंड झाल्यावर तिथेच धरून राहतात. पाणी हे मुख्यतः ती उष्णता आतपर्यंत नेण्यासाठी. तेव्हा पट्टी गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवा, मग बरणीला किंवा डब्याला हळूहळू गुंडाळून दोरीने बांधा आणि सुकू द्या. घाई असेल तर इस्त्री किंवा हेअर ड्रायर. हॉस्टेलमध्ये इलेक्ट्रिक केटलला बंदी आहे हे मला माहीत आहे, मेसमध्ये गरम पाणी मिळतं. दाबून वाकवायची ती खास पक्कड मात्र मला अजिबात पटत नाही. ती पट्टीच्या आतल्या बाजूला थोड्या थोड्या अंतरावर खाचा पाडते. म्हणजे ती पट्टी वाकवत नाही, अर्धवट मोडते. बाहेरून बघितलं तर वळणाऐवजी छोटे छोटे कोपरे दिसतात आणि ते घासून काढताना पट्टी तिथे पातळ होते. पैसे देऊन लाकूड मोडायचं कशाला?

पट्टी चिकटवायला फेव्हिकॉल. दात कोरायच्या काडीने, बेताने. फेव्हिक्विक पण जवळ असू द्या, पण अडल्या वेळेपुरतं. ते क्षणात धरतं, म्हणजे पट्टी जरा वाकडी टेकली तर सरकवायची संधी नाही. शिवाय त्याचा वास डोळ्यांत जातो, लाकडावर डाग पडतात आणि तिथे नंतर पॉलिश नीट चढत नाही. फेव्हिकॉल सुकेपर्यंत पट्टी धरून ठेवायला कपडे वाळत घालायचे चिमटे, फाइलच्या काळ्या क्लिपा, रबर बँड. लाकडी चिमट्याच्या दोन्ही अर्ध्या काड्या उलट्या करून स्प्रिंगमध्ये परत बसवल्या तर त्याचं तोंड लांब होतं आणि आतपर्यंत पोचतं. हे चिमटे कितीही असले तरी एक कमीच पडतो. बजेटमधले पैसे उरले तर चिमटे घ्या, अजून उरले तर अजून चिमटे घ्या!

बाकीची हत्यारं भराभर सांगते. बारीक दातांची करवत हवी, पण हॅकसॉचं इंचाला ३२ दातांचं पातं एका टोकाला चिकटपट्टी गुंडाळून वापरलं तरी पहिल्या जहाजापुरतं पुरतं. छोट्या भोकांसाठी पिन व्हाइस, म्हणजे बोटांनी फिरवायचं छोटं ड्रिल. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत, पीसीबीला भोकं पाडायचं सामान मिळतं तिथेच ते बघा. ०.५ पासून १ मिलिमीटरपर्यंतचे ड्रिल बिट पुरेत. एवढे बारीक बिट मोटरला लावून नवशिक्याने धरले की हात किंचित हलतो आणि बिट तुटतो. बोटांनी फिरवताना लाकूड किती धरतंय ते बोटांना कळतं. दोऱ्यांच्या कामाला दोन चिमटे, एक सरळ आणि एक वाकडा, चांगल्यापैकी घ्या. आणि मधमाश्यांच्या मेणाचा एक तुकडा. दोरा त्यातून ओढला की त्याचे तंतू बसतात. झालं. ब्लेड, ड्रिल बिट आणि चिमटे, या तीन ठिकाणी पैसे वाचवू नका. बाकी सगळीकडे वाचवा.

"पण मग काम सुबक कसं होणार?" हा प्रश्न यादी करणाऱ्या सिनिअरने मला विचारलाच. त्याला मी नॉर्मन क्रॉसची गोष्ट सांगितली, तुम्हालाही सांगते. इंग्लंडमध्ये पीटरबरोजवळ १७९७ मध्ये फ्रान्सबरोबरच्या युद्धातल्या कैद्यांसाठी एक मोठा तुरुंग-तळ उघडला. तिथल्या फ्रेंच कैद्यांनी जेवणातून उरलेल्या हाडांपासून जहाजांची मॉडेल्स केली. हाडं उकळून साफ करायची, पातळ पट्ट्या काढायच्या आणि लाकडी सांगाड्यावर बसवायच्या. दोऱ्यांसाठी कापूस, रेशीम, क्वचित माणसाचे केससुद्धा. ही मॉडेल्स तुरुंगाच्या फाटकाशी भरणाऱ्या बाजारात विकली जायची. आज ती पीटरबरोच्या म्युझियममध्ये काचेआड आहेत. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर ते कैदी काही रिकाम्या हाताने बसले नव्हते. त्यांच्यात खाटीक होते, सुतार होते, हस्तिदंतावर काम करणारे होते, कामं वाटून घेतलेली असायची आणि काही सामान बाहेरूनही यायचं. प्रमाणात ही जहाजं पुष्कळदा चुकलेली असतात, डोलकाठ्या नको तेवढ्या उंच असतात. पण सुबकपणाबद्दल कोणी बोट दाखवू शकणार नाही. त्यांच्याकडे टेबल सॉ नव्हता, वेळ मात्र भरपूर होता.

दुसरा आक्षेप आमच्या क्लासमधूनच आला. "लेझर कटर आहे ना वर्कशॉपला, मग सुरी-करवत कशाला?" लेझरने कणा आणि बल्कहेड कापून घ्याच, मी नको म्हणत नाही. ते काम लेझर आपल्यापेक्षा चांगलं करतो. पण तो काटकोनातच कापतो. वर सांगितलेली तिरपी कड त्याला करता येत नाही, कारण ती प्रत्येक बल्कहेडवर आणि त्याच बल्कहेडच्या प्रत्येक बिंदूवर वेगळी असते. शिवाय लेझरने कड जळून काळी होते, आणि त्या काजळीवर गोंद नीट धरत नाही. म्हणजे फिरून आपण पॉलिश पेपरच्या ठोकळ्यापाशीच आलो.

लाकडाबद्दल दोन शब्द. एरोमॉडेलिंगवाल्या मित्रांकडे बाल्सा असतो, तो मागायचा मोह होईल. विमानासाठी तो उत्तम, पण जहाजाच्या पट्ट्यांना फारच मऊ. नखाने खळगा पडतो. त्यापेक्षा किटमध्ये येतं ते बासवुड किंवा लाइमवुड बरं. आपल्याकडचंच हवं तर हेद, ज्याला बाजारात हळदू म्हणतात. पिवळसर, बारीक आणि एकसारख्या पोताचं लाकूड. आणि सागवान? इथे एक गंमत आहे. एचएमएस ट्रिंकोमाली हे लढाऊ जहाज १८१७ मध्ये आपल्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानात बांधलं. दोनशे वर्षं उलटून गेली तरी ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे, आणि त्याला सागवानाचं तेलकट, न कुजणारं लाकूड हे मोठं कारण आहे. पण त्याच ट्रिंकोमालीचं मॉडेल करायचं तर सागवान नको! त्याची छिद्रं मोठी, पोत भरड. दीडशे फुटांचा गन डेक १:६४ ला सत्तर सेंटिमीटरच्या आसपास येतो, त्यावर सागाच्या रेषा म्हणजे जहाजाला चिरा पडल्यासारख्या दिसतात. शिवाय सागात सिलिका असते, ती ब्लेडची धार खाते. खऱ्या जहाजासाठी चांगलं ते मॉडेलसाठी चांगलं असेलच असं नाही. हत्यारांचंही तसंच आहे. नोटीस बोर्डावरची यादी कुठल्या तरी मुरलेल्या मॉडेलरच्या वर्कशॉपची आहे. त्याला टेबल सॉ लागतो, कारण तो किट घेत नाही, फळीपासून स्वतःच्या पट्ट्या काढतो. आपण तिथे पोचलो की आपणही घेऊ. आज त्याची हत्यारं घेऊन आपण तो होणार नाही.

ट्रिंकोमालीचं नाव काढलं म्हणून कोणी पहिलंच मॉडेल तिचं करायला घेऊ नका. नेल्सनच्या व्हिक्टरीचं तर नाहीच. शंभराहून जास्त तोफा, तीन डोलकाठ्या आणि मैलभर दोरा, सगळं पुरं होईपर्यंत तुमचं कॉन्व्होकेशन होईल. पहिलं मॉडेल डोरीचं करावं. डोरी म्हणजे न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्सवर कॉड मासे धरणाऱ्यांची छोटी वल्ह्यांची होडी. तळ सपाट, बाजू बाहेर झुकलेल्या. आतल्या बसायच्या फळ्या काढता यायच्या, म्हणजे मोठ्या गलबताच्या डेकवर एकात एक वाट्या ठेवाव्यात तशा या होड्या रचून ठेवता यायच्या. तोफा नाहीत, तीन डोलकाठ्या नाहीत. एका बाजूला मोजक्या पट्ट्या. पण निमुळती करणं, वाकवणं, कडा तिरप्या करणं, सगळं त्यात आहे. १:२४ स्केलला ती फूटभराच्या आत बसते, म्हणजे हॉस्टेलच्या टेबलावरसुद्धा मावते.

आता मुद्द्याचं. क्लबला यंदा जो निधी मिळाला आहे त्यात बावीस वस्तूंचा एक संच येईल. एकच. तो कपाटात राहील, किल्ली एकाकडे राहील, आणि रोटरी टूल कोणी चालवायचं यावर दर मीटिंगला भांडण होईल. त्याच पैशांत पंधरा स्काल्पेल, पंधरा पिन व्हाइस, ब्लेडचे आणि ड्रिल बिटचे पुडे, चिमटे, मेण, पॉलिश पेपरची थप्पी आणि वर डोरीच्या लाकडाचं सामान येऊ शकतं. मी दुकानांत फिरून, भाव विचारून हिशेब मांडला आहे आणि कमिटीला लेखी दिला आहे. पंधरा जण एकदम बसू शकतील, कोणाला कोणाच्या हत्याराची वाट बघावी लागणार नाही. एका सिनिअरचं म्हणणं असं की महाग वस्तू घेतली तर ती कॉलेजची मालमत्ता होऊन वर्षानुवर्षं टिकते, ब्लेड काय, संपून जातात. बरोबर आहे. ब्लेड संपतात, कारण ती वापरली जातात.

कमिटी काय ठरवायचं ते ठरवो. पण ज्या अकरा जणांनी नावं काढून घेतली त्यांना एक निरोप : सेमिस्टर संपल्यावरच्या पहिल्या शनिवारी दुपारी दोन वाजता कार्पेंटरी शॉप उघडं ठेवायची परवानगी इन्स्ट्रक्टर काकांनी मिळवून दिली आहे. चार डोऱ्यांचे सांगाडे लेझरवर कापून तयार आहेत, तिघातिघांत एक. येताना कॉटखालचा ड्रॉइंग बोर्ड, स्टीलची पट्टी, डिव्हायडर आणि कपड्यांचे जमतील तेवढे चिमटे घेऊन या. चिमट्यांवर आपलं नाव टाका, नाहीतर परत मिळणार नाहीत.